पहिलं विमान, शेवटचं विमान

मी एअर कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. पुण्यातल्या कारखान्याने विकलेली मशीनं देशात कुठेही बंद पडली की तिथे जाऊन ती चालू करून द्यायची, हे माझं काम. गिऱ्हाइकाचा प्लांट थांबलेला असतो, म्हणून जायचं विमानाने. आणि तिकीट अकाउंट्स खात्याच्या हातात असतं, म्हणून जायचं सगळ्यात स्वस्त विमानाने. बरीच वर्षं हेच चाललंय. ओळखीचं कुणी प्रवासाला निघालं की फोन येतो, "कुठल्या कंपनीचं काढू हो? वेळेवर कोण असतं?" एका नावात याचं उत्तर देता येत नाही म्हटलं की त्यांना वाटतं, हा टाळतोय. तेव्हा एकदाचं लिहूनच काढतो.

१. टक्का कशाचा, ते आधी बघावं

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी जाहीर करतं. वर्तमानपत्रात छापून येते ती हीच. ठरल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांपर्यंत मागेपुढे झालं तर ते विमान वेळेवर धरतात. त्यापलीकडे गेलं की संपलं. वीस मिनिटं उशीर झालेलं आणि सहा तास उशीर झालेलं विमान या हिशेबात एकाच पंक्तीला बसतं. रद्द झालेल्या उड्डाणांचा तक्ता वेगळा. शिवाय कितीतरी वर्षं ही मोजणी दिल्ली, मुंबई, बेंगळुरू आणि हैदराबाद या चारच विमानतळांवरची होती. पुणे, नागपूर, गोवा त्यात धरलेलेच नव्हते.

आणखी एक गोम आहे. सुटण्याची वेळ म्हणजे उडण्याची वेळ नव्हे. दारं लागून विमान जागेवरून मागे ढकललं गेलं की घड्याळ थांबतं. त्यानंतर धावपट्टीच्या रांगेत अर्धा तास उभं राहिलं तरी कागदावर ते वेळेवर सुटलेलं असतं. घाईघाईने दार लावून घेतात आणि मग "एटीसीच्या (म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) परवानगीची वाट पाहत आहोत" अशी घोषणा ऐकू येते, त्यात हाही एक हिशेब असतो. सिरियम ही संस्था जगभरातल्या कंपन्यांची क्रमवारी लावते ती पोहोचण्याच्या वेळेवरून. मला ती पद्धत पटते. मी पुण्याहून कधी निघालो याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय?

२. स्वस्त म्हणजे उशिराचं, असं नसतं

या समजुतीचं मूळ बहुधा एअर डेक्कनमध्ये असावं. कॅप्टन गोपीनाथांनी 2003 मध्ये सुरू केलेली ही देशातली पहिली स्वस्त विमान कंपनी. एक रुपयाच्या तिकिटाइतकीच ती उशिरासाठीही गाजली. पण 2006 मध्ये आलेल्या इंडिगोने त्याच स्वस्ताईच्या धंद्यात वेळ हीच आपली जाहिरात केली आणि पुढे अनेक वर्षं तक्त्याच्या वरच्या टोकाला ती राहिली. गरम जेवण देणारी एअर इंडिया त्या काळात बऱ्याचदा तळाला असे. युरोपातली रायनएअर तर पाण्याचेसुद्धा पैसे घेते, पण विमान पंचवीस मिनिटांत परत उडवायचं म्हणजे उडवायचं.

मग स्वस्त कंपन्यांमधल्याच काही इतक्या का रखडतात? माझं मत असं की फरक तिकिटाच्या दरात नाही, तिजोरीत आहे. स्वस्त असणं वेगळं आणि तंगीत असणं वेगळं. जुलै 2022 मध्ये डीजीसीएने स्पाइसजेटला नोटीस दिली. पुरवठादारांचे पैसे वेळेवर जात नाहीत, त्यामुळे सुटे भाग कमी पडतात, असं त्या नोटिशीतच होतं. त्याच महिन्यात आठ आठवड्यांसाठी निम्मीच उड्डाणं करा, असा आदेशही निघाला. 2024 मधल्या काही महिन्यांत याच कंपनीचा वक्तशीरपणा पन्नास टक्क्यांच्याही खाली होता. तितकीच स्वस्त असलेली इंडिगो त्याच तक्त्यात बरीच पुढे होती.

सुटा भाग हाताशी नसणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. दोनशे रुपयांचा सील नाही म्हणून वीस लाखांचं मशीन बंद पडलेलं मी दर आठवड्याला बघतो. विमानाचंही तसंच. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमध्ये दोष निघाले तेव्हा इंडिगोचीही डझनावारी विमानं जमिनीवर होती. पण तिच्याकडे शेकडो विमानं होती आणि आणखी भाड्याने आणायला पैसा होता. गो फर्स्ट या दुसऱ्या स्वस्त कंपनीकडे दोन्ही नव्हतं. मे 2023 मध्ये ती बंद पडली, ती त्या इंजिनांकडे बोट दाखवतच.

३. विमान दिवसभर एकच असतं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मला ती माझ्या मावसभावाने शिकवली. दादा ग्राउंड हँडलिंगमध्ये होता. विमानाखाली उभं राहून सामान चढवणं-उतरवणं, शिड्या लावणं, पुशबॅकची गाडी जोडणं, ही त्याची नोकरी. तो म्हणायचा, "तुम्ही लोक फ्लाइट नंबर बघता, आम्ही विमान बघतो."

समजा सकाळी सहाला एक विमान पुण्याहून दिल्लीला निघालं. आठ-सव्वाआठला दिल्ली. अर्ध्या तासात तेच विमान वेगळा नंबर लावून कोलकात्याला. तिथून बेंगळुरू, बेंगळुरूहून परत पुणे, पुण्याहून चेन्नई आणि रात्री उशिरा पुन्हा पुणे. रात्री चेन्नईच्या विमानतळावर बसलेल्या माणसाला वाटतं, आपलं विमान सव्वादहाचं आहे. प्रत्यक्षात त्याचं विमान सकाळी सहाला सुरू झालेलं असतं आणि दिवसभरात ज्यांनी ज्यांनी त्याला थांबवलं त्या सगळ्यांचा उशीर याच्या वाट्याला येतो. घरात एकच स्कूटर असावी आणि सकाळी आजोबांनी ती बँकेतून अर्धा तास उशिरा आणली की संध्याकाळी मुलीचा क्लास बुडावा, तसा हा प्रकार.

विमान कंपन्यांमध्ये उशिराला आकड्यांचे कोड आहेत. 41 म्हणजे विमानात बिघाड. 93 म्हणजे आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आलं. दादा सांगायचा की त्यांच्या कागदांवर सगळ्यात जास्त 93 असायचा. डीजीसीएच्या मासिक अहवालातही उशिराच्या कारणांमध्ये सगळ्यात मोठा वाटा असतो तो या मागून आलेल्या उशिराचाच. म्हणजे घोषणेत "परिचालनाच्या कारणास्तव" असं जे ऐकू येतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की विमान अजून आलेलं नाही.

आता यात स्वस्त कंपनीचा स्वभाव कुठे येतो ते बघा. विमान जमिनीवर उभं असताना भाडं कमवत नाही, हप्ता मात्र चालू असतो. म्हणून स्वस्त कंपनी त्याला दिवसाला बारा-तेरा तास हवेत ठेवते, सहा-सात फेऱ्या मारते आणि दोन फेऱ्यांमध्ये पंचवीस-तीस मिनिटं ठेवते. पूर्ण सेवेची कंपनी तिथे पाऊण तास, एक तास देते. सकाळी वीस मिनिटं गेली तर तिच्याकडे ती भरून काढायला जागा असते. स्वस्त कंपनीकडे नसते. दुपारी ती वीसची पस्तीस होतात आणि रात्रीपर्यंत दीड तास. ज्या काटकसरीने तिकीट स्वस्त होतं तीच काटकसर संध्याकाळी आपल्याला गेटवर बसवते. यात निष्काळजीपणा असतोच असं नाही. उलट वीस-पंचवीस मिनिटांत एकशे ऐंशी माणसं उतरवून तितकीच पुन्हा बसवणारी माणसं मला फार कसबी वाटतात.

४. म्हणून पहिलं विमान घ्यावं

शक्यतो असं, जे रात्री आपल्याच गावात मुक्कामाला आलेलं असतं. पहाटे चारला उठावं लागतं, बायको कुरकुरते, लोहगावच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत चहा मिळत नाही. तरीही.

अपवाद डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीचा. तिथे धुक्यामुळे पहिलंच विमान सगळ्यात जास्त अडकतं. दाट धुक्यात उतरायला धावपट्टीवर यंत्रणा लागते, विमानात लागते आणि वैमानिकांचं खास प्रशिक्षणही लागतं. तिन्हींपैकी एक नसलं तरी विमान वळवतात जयपूरला नाहीतर अहमदाबादला. जानेवारी 2024 मध्ये असं प्रशिक्षण झालेले वैमानिक त्या उड्डाणांवर नेमले नाहीत म्हणून एअर इंडिया आणि स्पाइसजेट या दोघांनाही प्रत्येकी तीस लाखांचा दंड झाला होता. एक महागडी, एक स्वस्त. त्या दोन महिन्यांत मी दिल्लीसाठी दुपारी बारानंतरचं विमान मागतो.

५. वेळापत्रकात वेळ दडवलेली असते

मुंबई-दिल्ली हवेतला प्रवास साधारण पावणेदोन तासांचा. तिकिटावर मात्र सव्वादोन तास लिहिलेले असतात. मधली मिनिटं धावपट्टीच्या रांगा, आकाशातल्या घिरट्या आणि थोडी कंपनीची बेगमी. म्हणूनच कधीकधी अर्धा तास उशिरा सुटूनही विमान वेळेवर पोहोचतं आणि वैमानिक अभिमानाने तसं सांगतो. प्रवासी टाळ्या वाजवत नाहीत हे बरंच आहे. दोन कंपन्यांची एकाच मार्गावरची छापील वेळ वेगळी दिसली तर ज्या कंपनीने जास्त वेळ लिहिलाय ती तक्त्यात वर दिसण्याची शक्यता जास्त.

६. मुंबईला कंपनी कुठलीही असो

मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत; कामापुरती ती एकाच धावपट्टीची जागा आहे. आणि त्या एकीवर गर्दीच्या वेळी तासाला 46 विमानं असायची. आकाशात घिरट्या घालणारी विमानं इतकी वाढली की फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने तो आकडा 44 वर आणायला लावला. दोन विमानांनी काय फरक पडणार, असं वाटेल. पण जिथे दर ऐंशी सेकंदांना एक विमान हलतं तिथे एकाला उतरता न येऊन पुन्हा वर जावं लागलं की मागची सगळी रांग सरकते.

पावसाळ्यात तर विचारू नका. 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं एक विमान पावसात मुख्य धावपट्टी संपून पुढे चिखलात गेलं. ते बाहेर काढून धावपट्टी पुन्हा सुरू करायला जवळजवळ चार दिवस लागले. तेवढे दिवस सगळा देश मुंबईमुळे उशिरा चालला, कारण प्रत्येक कंपनीचं बरंचसं चक्र मुंबईतून फिरतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी बंद असतात. तारीख आधी जाहीर होते. ती बघून ठेवावी.

पुण्याचं दुखणं निराळं. लोहगाव हवाई दलाचं, आपण तिथे पाहुणे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे विमानतळ पूर्ण बंद होता आणि त्याआधी वर्षभर रात्रीची उड्डाणं बंद होती. गोव्याला दाभोळी नौदलाचं; तिथे आठवड्यातले बरेच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले. त्यामुळे सकाळी गोव्यात पोहोचायचं असेल तर जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेलं मोपा सोयीचं.

७. वैमानिकालाही घड्याळ असतं

एकदा भुवनेश्वरहून निघताना आम्ही विमानात बसून तास-दीड तास झाला होता. मग सूचना आली की वैमानिकांची ड्यूटीची वेळ संपली आहे, दुसरे वैमानिक येईपर्यंत खाली उतरा. लोक भडकले. एक गृहस्थ तर "दोन तासांचं तर काम आहे, उडवून टाका की" असं वैमानिकालाच म्हणाले. तो काही न बोलता बॅग ओढत निघून गेला, आणि बरोबर केलं. थकलेल्या वैमानिकाने मला घरी आणावं असं मला मुळीच वाटत नाही.

हा नियम काटेकोर आहे आणि तो असाच हवा. अडचण अशी की उशीर झाला की वैमानिकाचे तास संपतात, तास संपले की बदली माणूस लागतो आणि तो कंपनीच्या मोठ्या तळावरच असतो, भुवनेश्वरला नसतो. स्वस्त कंपनी जशी राखीव विमानं कमी ठेवते तशी राखीव माणसंही कमी ठेवते.

2025 च्या डिसेंबरमध्ये हे सगळ्या देशाने पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले: आठवड्याची सलग सुट्टी 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरचा. नियम आधीपासून सगळ्यांना माहीत होते. तरी देशातली निम्म्याहून जास्त वाहतूक करणाऱ्या इंडिगोकडे माणसं कमी पडली. 4 डिसेंबरला तिचा वक्तशीरपणा 8.5 टक्क्यांवर आला आणि दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. वर्षानुवर्षं तक्त्याच्या वर असलेली कंपनी! शेवटी सरकारला काही नियम तिच्यासाठी फेब्रुवारीपर्यंत सैल करावे लागले, आणि मला तो भाग सगळ्यात जास्त खटकला. अमेरिकेत 2022 च्या नाताळात साउथवेस्ट या विमान कंपनीचं असंच झालं होतं. तिथे वादळाने सुरुवात झाली, पण कोणता वैमानिक कुठे आहे हेच कंपनीच्या संगणकाला कळेना आणि सोळा हजारांहून अधिक उड्डाणं गेली.

माझा निष्कर्ष असा की सरासरीत उत्तम असलेली कंपनीही एखाद्या आठवड्यात पार कोसळू शकते. जितकी घट्ट विणलेली तितकी जोरात. दोन टक्के कमी वक्तशीर पण हाताशी चार माणसं जास्त असलेली कंपनी मला चालेल. अशी कंपनी कोणती हे कुठल्याच तक्त्यात छापत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

८. थोडं आपलंही

विमान सुटण्याच्या पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं. सामोसा संपवून निवांत येणाऱ्या एकासाठी नावाचा पुकारा होत राहतो. तो आलाच नाही तर त्याचं सामान शोधून उतरवावं लागतं. सुरक्षेचा नियमच तसा आहे. अर्ध्या तासाच्या गणितात ही दहा मिनिटं फार मोठी असतात.

९. विमान कुठे आहे ते आपणच बघावं

कंपनीचा मेसेज शेवटपर्यंत "वेळेवर" म्हणत असतो. फ्लाइटरडारसारख्या ॲपवर आपला फ्लाइट नंबर टाकला की त्यासाठी नेमलेलं विमान बहुतेक वेळा दिसतं, आणि ते आत्ता कुठे आहे हेही. मी संध्याकाळच्या विमानासाठी दुपारी दोनलाच बघतो. पुण्याला यायचं विमान अजून कोलकात्यातच उभं असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगून जेवून घेतो. फक्त याच्या भरवशावर विमानतळावर उशिरा पोहोचू नये. कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते, आणि काउंटर तासभर आधी बंद होतो तो होतोच.

१०. मागावं ते नेमकं मागावं

गेटवरच्या पोरीवर ओरडून काही मिळत नाही. तिला आपल्याइतकंच माहीत असतं. नियम मात्र पाठ असावेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा तीन तास. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. आधी न कळवता रद्द झालं तर प्रवासाच्या लांबीनुसार पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई, पण हवामान किंवा एटीसीचं कारण असेल तर नाही. नुसत्या उशिराबद्दल रोख भरपाई आपल्याकडे नाही. युरोपात तीन तासांपुढे अडीचशे ते सहाशे युरो द्यावे लागतात, त्यामुळे तिथल्या स्वस्त कंपन्यांना उशीर फार महाग पडतो. इथे एक उपमा आणि फ्रूटीचा डबा देऊन भागतं.

११. दोन तिकिटं जोडू नयेत

इंदूरला जायचं होतं आणि अकाउंट्सने दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं मुंबईमार्गे काढली, कारण चौदाशे रुपये वाचत होते. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं निघून गेलं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असती तर पुढे पोहोचवणं कंपनीच्या अंगावर आलं असतं. वेगळ्या तिकिटांत दोन्ही कंपन्या हात वर करतात आणि कायद्याने त्यांचं बरोबर असतं. नवीन तिकीट, मुंबईतली लॉज आणि प्लांट आणखी एक दिवस बंद.

आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाल्यामुळे यात एक नवीन गंमत आलीय. अकाउंट्सने परवाच उतरायचं मुंबईच्या जुन्या सहार विमानतळावर आणि पुढचं पकडायचं नवी मुंबईहून, असा एक बेत मला पाठवला. मधे तीन तास ठेवले होते. मी उत्तरात फक्त विचारलं, संध्याकाळी सहा वाजता अंधेरीहून उलव्याला तुम्ही स्वतः कधी गेला आहात का.